‘दोष आढळला नाही’ असे लिहून मिळते तेव्हा

वाचकांचे प्रश्न : नव्या गाडीतील निर्मितीदोष

नव्या गाडीत निघालेल्या दोषांविषयी या सदराकडे आलेली पाच पत्रे या अंकात घेतली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पाठवणाऱ्यांची नावे वगळली आहेत. सदोष गाड्यांची तांत्रिक तपासणी करून त्यांचे अहवाल लिहिणे हे माझे काम आहे. त्यामुळे उत्तरांत यंत्राविषयी जितके आहे तितकेच कागदपत्रांविषयीही आहे.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी आम्ही नवी पेट्रोल गाडी घेतली. सकाळी पहिल्यांदा सुरू केली की मिनिट-दीड मिनिट इंजिन अडखळते, स्टिअरिंग थरथरते आणि इंजिनाचा पिवळा दिवा उघडझाप करतो. नंतर दिवसभर सगळे सुरळीत असते. गाडी चार वेळा वर्कशॉपला नेली आणि चारही वेळा ‘दोष आढळला नाही’ असे सांगून ती धुऊन-पुसून परत दिली. आमच्याच म्हणण्यावर शंका घेतली जाते, याचे फार वाईट वाटते. काय करावे?

उत्तर : आपण सांगता ते खरे आहे, आणि वर्कशॉपमधल्या मंडळींना दोष दिसला नाही हेही बहुधा खरेच आहे. आपला दोष थंड इंजिनाचा आहे. आपण गाडी घरून चालवत नेता, रांगेत थांबता, आणि मेकॅनिक बॉनेट उघडतो तोवर इंजिनातले पाणी ९० अंशांच्या आसपास पोहोचलेले असते. ज्या स्थितीत दोष उमटतो ती स्थितीच तिथे कधी येत नाही. म्हणून पाचव्या वेळी गाडी संध्याकाळी नेऊन रात्रभर तिथेच ठेवा, ती कोणीही सुरू करू नये अशी चिठ्ठी स्टिअरिंगवर लावायला सांगा, आणि सकाळी सर्व्हिस ॲडव्हायझर व मेकॅनिक शेजारी उभे असताना पहिला स्टार्ट आपण स्वतः द्या.

उघडझाप करणाऱ्या दिव्याबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण ‘नंतर सगळे सुरळीत होते’ या वाक्यामागे धोका दडलेला आहे. तो दिवा स्थिर पेटला तर गाडी लवकर तपासून घ्यावी एवढाच त्याचा अर्थ असतो. उघडझाप करू लागला तर एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नसून धुरातले घातक वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला इजा पोहोचू शकेल इतके ते प्रमाण आहे, असे इंजिनाचा संगणक सांगत असतो. न जळलेले इंधन कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळते आणि आतली मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी उष्णतेने वितळू शकते. दिवा लुकलुकत असेपर्यंत ॲक्सिलरेटर जोरात दाबू नका.

दिवा विझला तरी संगणकातली नोंद लगेच पुसली जात नाही, आणि आपला खरा साक्षीदार ही नोंदच आहे. मिसफायर झाला, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन असे नीट जळले नाही, की सहसा पी०३०० हा कोड साठतो, किंवा नेमका सिलिंडर कळला असेल तर पी०३०१, पी०३०२ असा क्रमाने पुढचा. कोडबरोबर त्या क्षणाचे एक चित्रही साठते. मेकॅनिक त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. इंजिन किती फेऱ्यांवर होते, गाडीचा वेग किती होता, पाण्याचे तापमान किती होते, हे सगळे त्यात असते. त्यात तापमान २५ अंश आणि वेग शून्य दिसला, तर ‘थंड असताना, उभ्या गाडीत’ हे आपले म्हणणे गाडीनेच लिहून दिले असे समजा. अडचण अशी की स्कॅनर जोडून कोड पुसण्याची सवय अनेकांच्या हाताला लागलेली असते, आणि कोड पुसला की फ्रीझ फ्रेमही जाते. म्हणून पुसण्याआधी स्कॅनरच्या पडद्याची छपाई मागा. ती मिळत नसेल तर मोबाइलवर फोटो घ्या.

दोष कोणत्या भागात आहे हे शोधण्याची एक साधी, खात्रीची रीतही आहे. कोड तिसऱ्या सिलिंडरचा असेल तर त्याची इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी वीज पुरवणारा भाग) पहिल्यावर बसवावी आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा पाहावे. कोड पहिल्याचा झाला तर दोष कॉइलमध्ये आहे. तिसऱ्याचाच राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा व्हॉल्व्ह यांकडे वळावे. रात्रभर उभ्या गाडीत इंजेक्टरमधून थेंब थेंब पेट्रोल झिरपत राहिले तरी सकाळी नेमकी हीच लक्षणे दिसतात.

आता जॉब कार्डाविषयी, म्हणजे तक्रार आणि काम नोंदवणाऱ्या वर्कशॉपच्या कागदाविषयी, कारण माझ्या मते आपल्या प्रकरणातला कच्चा दुवा तिथे आहे. आपण तक्रार सांगता तेव्हा ॲडव्हायझर संगणकावर ‘पिकअप कमी, जनरल चेकअप’ असे काहीतरी टंकतो आणि आपण घाईत सही करता. त्या शब्दांवर ‘दोष आढळला नाही’ हे उत्तर बरोबरच ठरते. त्याऐवजी ‘रात्रभर उभी राहिल्यावर पहिल्या स्टार्टला ६० ते ९० सेकंद इंजिन अडखळते, चेक इंजिन दिवा उघडझाप करतो, ग्राहकाने व्हिडिओ दाखवला’ असे शब्द किलोमीटरच्या आकड्यासह लिहून घ्या आणि वाचूनच सही करा. फक्त लक्षण लिहा, निदान लिहू नका. ‘इंजेक्टर खराब’ असे लिहिलेत तर इंजेक्टर तपासला जाईल, तो ठीक निघेल आणि कार्ड बंद होईल.

आणखी एक गोष्ट मी वारंवार पाहतो. सहा वेळा गाडी नेलेल्या माणसाकडे कार्डे दोनच असतात, कारण उरलेल्या चार वेळी ‘कार्ड कशाला उघडता, पाच मिनिटांत बघून देतो’ असे गोडीने सांगितलेले असते. त्या चार खेपा कागदावर घडलेल्याच नसतात. काम फुकट झाले असले तरी कार्ड उघडायला लावा, आणि गाडी परत घेताना काय तपासले व काय बदलले याची प्रत घेतल्याशिवाय निघू नका. त्याच दिवशी डीलर आणि कंपनीचा ग्राहक विभाग या दोघांना एकच ईमेल पाठवा. त्यात रागाचे शब्द नसले तरी चालेल, पण तारीख, किलोमीटर आणि जॉब कार्डाचा क्रमांक मात्र असू द्या.

प्रश्न : गाडी घेऊन आठवडा झाला. उन्हात पाहिले तर मागच्या डाव्या दाराचा रंग बाकीच्या गाडीपेक्षा किंचित वेगळा भासतो. वितरकाने अपघात झालेली गाडी रंगवून आम्हाला नवी म्हणून दिली असेल का? हा निर्मितीदोष धरता येईल का?

उत्तर : निष्कर्षावर येण्याआधी रंगाची जाडी मोजून घ्या. कारखान्यातून आलेल्या पत्र्यावर रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. जाडी मोजण्याचे हातात मावणारे यंत्र मिळते. प्रत्येक पत्र्यावर पाच-सहा ठिकाणी मोजावे आणि आकड्यांची आपापसात तुलना करावी. चारही दारे १२० च्या आसपास असताना एकच दार २८० दाखवत असेल तर ते पुन्हा रंगवले आहे. आकडा हजाराच्या पुढे गेला तर खाली पुट्टी आहे. बंपर प्लास्टिकचा असतो, त्यावर हे साधे यंत्र चालत नाही, आणि धातूच्या रंगछटेत बंपर व पत्रा यांत थोडा फरक निर्दोष गाडीतही दिसू शकतो. आपला फरक दोन दारांमध्ये आहे, म्हणून तो तपासण्यासारखा आहे.

यंत्र हाती येईपर्यंत दार पूर्ण उघडून बिजागरीचे बोल्ट टॉर्चच्या प्रकाशात पाहा. त्यांच्या कडांवरचा रंग पान्याने खरवडला असेल, तर ते दार एकदा तरी उतरवले किंवा हलवले गेले आहे. रबराची पट्टी बोटाने थोडी बाजूला करा; नंतर फवारलेल्या रंगाची हलकी धूळ किंवा चिकटपट्टीची सरळ रेघ तिथे सापडते. काचांच्या कोपऱ्यातल्या खुणाही जुळवून पाहा; एकाच काचेवर निर्मितीचे वर्ष वेगळे असेल तर ती काच बदलली आहे. टायरवरचा चार अंकी आकडा आठवडा आणि वर्ष सांगतो, म्हणजे २३२४ हा टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. शेवटी सतरा अक्षरांचा चासी क्रमांक गाडीवर, बिलावर आणि नोंदणीच्या कागदावर अक्षरशः एकच आहे ना, ते ताडून पाहा.

दार खरेच रंगवलेले निघाले तर तो बहुधा निर्मितीदोष नसेल. वाहतुकीत किंवा यार्डात झालेली इजा दुरुस्त करून ती आपल्यापासून लपवली असण्याची शक्यता अधिक. ही तक्रार मुख्यतः विक्रेत्याविरुद्ध जाते आणि तिचा गाभा ‘सांगितले नाही’ हा असतो. आठवडाच झाला आहे, तेव्हा मोजमापाचे फोटो आजच ईमेलने पाठवा. महिन्याभराने पाठवलेत, तर ओरखडा आपल्याच हातून पडला असे म्हणायला जागा राहते.

प्रश्न : आमच्या ऑटोमॅटिक गाडीला गर्दीत, अगदी कमी वेगात हिसके बसतात. तक्रार केली की ‘या मॉडेलच्या सगळ्याच गाड्यांना असे होते, हे तिचे वैशिष्ट्यच आहे’ असे उत्तर मिळते. सगळ्यांनाच होत असेल तर तो दोष नव्हे, हे म्हणणे बरोबर आहे का?

उत्तर : हे म्हणणे बरोबर नाही. मात्र कधीकधी त्यात तथ्य असते, आणि ते वेगळे काढणे आपल्याच हिताचे आहे.

काही गोष्टी खरोखर यंत्राच्या स्वभावाच्या असतात. कोरड्या क्लचच्या दुहेरी क्लच गिअरबॉक्सला रांगत्या गर्दीत क्लच सारखा अर्धवट पकडून ठेवावा लागतो, त्यामुळे तो तापतो आणि किंचित हिसका देतो. डिझेल गाडीतला काजळी अडवणारा फिल्टर रोजच्या चार-पाच किलोमीटरच्या चालण्यात पुरेसा तापत नाही, काजळी जाळून टाकू शकत नाही आणि दिवा पेटतो; सुस्थितीतल्या गाडीतही हे घडते. तरीही हा स्वभाव विकताना सांगितला होता का, हा प्रश्न उरतोच. रोज तीन किलोमीटर जाणाऱ्या ग्राहकाला अशी डिझेल गाडी गळ्यात मारणे मला गैर वाटते.

स्वभाव आणि दोष यांतला फरक पडताळण्यासाठी त्याच मॉडेलची, त्याच गिअरबॉक्सची दुसरी गाडी वितरकाकडे मागा. त्याच रस्त्यावर, तितक्याच वेगात, तोच माणूस शेजारी बसवून दोन्ही चालवा आणि ही तुलना जॉब कार्डावर लिहून घ्या. दुसरी गाडी गुळगुळीत चालली तर ‘सगळ्यांना होते’ हे उत्तर तिथेच संपले. ती तशीच हिसकत असेल, तर निर्मितीदोषाऐवजी आराखड्यातला दोष असण्याची शक्यता पुढे येते. कारखान्यातल्या एका चुकीमुळे काही गाड्या बिघडतात तो निर्मितीदोष. कागदावरची आकृतीच चुकली तर प्रत्येक गाडी बिघडलेलीच बाहेर पडते. दुसऱ्या प्रकारात ‘सगळ्यांना होते’ हे सांगणे कंपनीचा बचाव ठरत नाही, उलट तक्रारीला बळ देते.

याचे सर्वांत वेदनादायी उदाहरण अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचे आहे. काही लहान गाड्यांत चावी जागेवर धरून ठेवणारी यंत्रणा ढिली होती. गुडघा लागला किंवा जड किल्ल्यांचा जुडगा झुलला की चालत्या गाडीत चावी मागे फिरे, इंजिन बंद पडे आणि अपघातात एअरबॅग उघडत नसे. तक्रारी आल्यावर २००५ साली वितरकांना पाठवलेल्या सूचनेत किल्लीच्या जुडग्यातल्या अनावश्यक वस्तू काढून टाकायला ग्राहकांना सांगावे, असे म्हटले होते. म्हणजे दोष ग्राहकाच्या जुडग्यात शोधला गेला. पुढे स्विचचा आराखडा बदलला, पण सुट्या भागाचा क्रमांक तोच ठेवला, आणि त्यामुळे जुना स्विच व नवा स्विच वेगळे आहेत हे कागदावरून कोणालाच कळेना. मृत्यू पावलेल्या एका तरुणीच्या कुटुंबाच्या वकिलाने नेमलेल्या अभियंत्याने दोन स्विच उघडून शेजारी ठेवले, तेव्हा आतल्या खुंटीच्या लांबीतला बारीकसा फरक दिसला आणि प्रकरण उलगडले. २०१४ साली रिकॉल, म्हणजे सदोष गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावणे, सुरू झाला, तो वाढत जाऊन सुमारे २६ लाख गाड्यांपर्यंत पोहोचला, आणि कंपनीच्या नुकसानभरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. ‘सगळ्याच गाड्यांना असे होते’ हे वाक्य ऐकले की मला ती सूचना आठवते.

आपल्या गाडीसाठी कंपनीने एखादे तांत्रिक परिपत्रक किंवा रिकॉल काढले आहे का, हे चासी क्रमांक देऊन लेखी विचारा. गिअरबॉक्सच्या संगणकाचे सॉफ्टवेअर बदलून हिसके कमी झाल्याची उदाहरणे आहेत. मात्र सॉफ्टवेअर बदलण्यापूर्वीची आणि नंतरची आवृत्ती कार्डावर लिहून घ्या, कारण ‘अपडेट केले’ या दोन शब्दांवरून पुढे काहीच सिद्ध करता येत नाही. हिसका बसताना गाडी मध्येच थांबत असेल, पुढे जायला नकार देत असेल किंवा चढावर मागे घसरत असेल, तर स्वभावाची चर्चा बाजूला ठेवा. ती सुरक्षिततेची बाब आहे. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०अ नुसार सरकार सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. ही तरतूद १ एप्रिल २०२१ पासून अमलात आली आहे.

प्रश्न : गिअरबॉक्स दोनदा उघडून झाला, तरी दोष तसाच आहे. आता दुरुस्ती नको. एकतर नवी गाडी द्यावी किंवा पैसे परत करावेत. कायद्याने हे मिळू शकते का?

उत्तर : मिळू शकते, पण हे सहजासहजी पदरात पडत नाही, आणि देशादेशांत नियम बरेच वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने सदोष वस्तू ३० दिवसांत सरळ नाकारता येते. त्यानंतर विक्रेत्याला दुरुस्तीची किंवा बदलून देण्याची एक संधी मिळते, आणि पहिल्या सहा महिन्यांत दोष मुळातला नव्हता हे सिद्ध करण्याचा भार विक्रेत्यावर असतो. अमेरिकेत सदोष गाड्यांसाठीचा पहिला ‘लेमन लॉ’ १९८२ मध्ये कनेटिकट राज्याने केला. तिथल्या राज्यांचे नियम वेगवेगळे असले, तरी एकाच दोषाची तीन-चार वेळा निष्फळ दुरुस्ती किंवा वर्कशॉपमध्ये एकूण ३० दिवस गाडी अडकून पडणे, हे सर्वसाधारण निकष आहेत.

भारतात गाड्यांसाठी असा वेगळा कायदा नाही; ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ वर विसंबावे लागते. दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे, किंमत परत करणे आणि भरपाई देणे, यांपैकी योग्य तो आदेश ग्राहक आयोग देऊ शकतो. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २००६ सालच्या एका गाजलेल्या निकालात म्हटले आहे की वॉरंटीमध्ये सदोष भाग दुरुस्त करण्याचे किंवा बदलण्याचे वचन असेल, तर एखाद्या भागाच्या दोषासाठी अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. कंपनीचा वकील हा निकाल पुढे करणार, हे गृहीत धरूनच तयारी करायला हवी. ‘भाग बदलला, तरीही दोष गेला नाही’ हे आपल्याला दाखवावे लागेल. दोनदा गिअरबॉक्स उघडल्याची कार्डे, त्यात बदललेल्या भागांचे क्रमांक आणि त्यानंतरही तीच तक्रार नोंदवलेले तिसरे कार्ड, या तीन कागदांवर आपली बाजू उभी राहते.

तज्ज्ञाचा अहवाल हा दुसरा खांब आहे. चाचणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग कलम ३८ खाली वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तसा अर्ज तक्रारीबरोबरच करावा असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण नुसत्या शपथपत्रावर उभी राहिलेली प्रकरणे ‘निर्मितीदोष सिद्ध झाला नाही’ या एका ओळीवर फेटाळली जातात. खासगी तज्ज्ञाकडून तपासणी करून घेणार असाल तर तारीख कळवून डीलर आणि कंपनी या दोघांनाही लेखी बोलवा. ते आले नाहीत तरी बोलावल्याची नोंद राहते, आणि एकतर्फी अहवाल म्हणून तो बाजूला टाकणे त्यांना अवघड जाते.

तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. ‘पुढच्या सर्व्हिसला बघू’ या आश्वासनांवर ही दोन वर्षे अलगद निघून जातात. आपण राहता किंवा काम करता त्या ठिकाणच्या आयोगाकडे तक्रार करता येते. जिल्हा, राज्य की राष्ट्रीय आयोग, हे गाडीसाठी दिलेल्या रकमेवरून ठरते : ५० लाखांपर्यंत जिल्हा, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य, आणि त्याहून अधिक असेल तर राष्ट्रीय. डीलर आणि निर्माती कंपनी या दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. नाहीतर दोघे एकमेकांकडे बोट दाखवत राहतील. गाडी व्यापारी कामासाठी घेतलेली असेल तर आपण कायद्याच्या व्याख्येत ग्राहक ठरता का, हाच वाद आधी उभा राहतो. स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली गाडी मात्र व्याख्येत बसते.

हे सर्व चालू असताना गाडी वापरावी की नाही, हे आपण विचारलेले नाही, पण बहुतेकांच्या मनात असते. सुरक्षित असेल तर बेताने वापरा. सदोष म्हणून नाकारलेली गाडी सुनावणीपर्यंत चाळीस हजार किलोमीटर धावलेली असेल, तर तिच्यात गंभीर दोष आहे हे पटवणे जड जाते. वाहनकर्जाचे हप्तेही थांबवू नका. कर्ज देणारी संस्था आणि गाडी बनवणारी कंपनी यांच्याशी आपले करार वेगवेगळे आहेत. हप्ता चुकला तर गाडी जप्त होण्याची आणि पत खराब होण्याची पाळी येते, आणि तपासणीसाठी ठेवायची वस्तूच हातातून जाते.

प्रश्न : नवी गाडी पाच महिन्यांची आहे. पावसानंतर पुढच्या डाव्या बाजूचा गालिचा भिजतो, आणि आता काचा मध्येच चालेनाशा होतात, सेंट्रल लॉक कधी लागते तर कधी लागत नाही. आम्ही बाहेरून म्युझिक सिस्टीम बसवून घेतली होती, म्हणून कंपनीने वॉरंटी नाकारली. दुरुस्ती स्वखर्चाने करून टाकावी का?

उत्तर : अजिबात करू नका, निदान पाण्याची वाट सापडेपर्यंत तरी नाही.

आधी पाणी कोणते आहे ते ठरवा. कोरड्या हवेत, एसी चालवल्यावर गालिचा भिजत असेल तर एसीचे पाणी बाहेर सोडणारी नळी निसटली किंवा तुंबली आहे. ओलाव्याला गोडसर वास असेल आणि तो बोटाला चिकट लागत असेल, तर ते हीटरमधून गळणारे इंजिनाचे कूलंट आहे. आपल्याकडे फक्त पावसानंतर भिजते, तेव्हा समोरची काच, तिच्या खालचा पाणी निचरण्याचा मार्ग, सनरूफ असल्यास त्याच्या नळ्या आणि दाराच्या आतला प्लास्टिकचा पडदा, एवढ्या जागा तपासाव्या लागतील. आतले आवरण काढून एकाने टॉर्च घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून पाण्याचा बारीक झोत खालून वर, एका जागी काही मिनिटे थांबत न्यावा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे पसरते आणि गळती कुठली ते कळत नाही.

अशाच एका गाडीत मी डाव्या पायाजवळचे आवरण काढले, तेव्हा पत्र्यावर वाळलेल्या मातकट पाण्याची एक सरळ, बोरूने ओढावी तशी रेघ दिसली. ती वर काचेच्या कोपऱ्यापर्यंत जात होती. काच चिकटवणाऱ्या काळ्या पट्टीचे सुरुवातीचे आणि शेवटचे टोक जिथे एकमेकांवर चढायला हवे होते, तिथे आगकाडी जाईल एवढी फट राहिली होती. तिथून शिरलेले पाणी तारांच्या जुडग्यावरून, वातीवर तेल चढावे तसे, खाली कनेक्टरपर्यंत पोहोचत होते. कनेक्टर ओढून काढला तर आतल्या तांब्याच्या पिना हिरव्या पडलेल्या होत्या. त्या गाडीतही बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम होती आणि तिच्या तारा या जुडग्याच्या वाऱ्यालाही उभ्या नव्हत्या.

आपल्या गाडीतही हेच दाखवता यायला हवे. बहुतेक वॉरंटी पुस्तिकांत ‘बाहेरून बसवलेल्या उपकरणामुळे झालेले नुकसान’ वगळलेले असते. उपकरण बसवले की संपूर्ण वॉरंटी संपली असे सहसा लिहिलेले नसते. आपल्या पुस्तिकेतले ते कलम शब्दशः वाचा, आणि कोणत्या कलमाखाली व कोणत्या तारेमुळे नकार दिला, हे कंपनीकडून लेखी मागा. बसवणाऱ्याने मूळ तारा कापून जोड मारला असेल तर आपली बाजू कमकुवत होते, हेही स्पष्ट सांगतो. तयार कनेक्टरने जोडली असेल तर त्याचे फोटो काढून ठेवा. काचेच्या चिकटपट्टीतून पाणी येत असेल, तर म्युझिक सिस्टीमचा त्याच्याशी संबंध जोडणे कोणालाही कठीण आहे.

एक काळजी मात्र आजच घ्या. गालिचा वाळवण्याआधी आणि कोणीही बाहेरून काचेच्या कडेला सिलिकॉन भरण्याआधी, ओल्या जागेचे, पाण्याच्या रेघेचे आणि उघडलेल्या कनेक्टरचे फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून काढा. सिलिकॉनने गळती थांबली तर फट झाकली जाते आणि पिना मात्र हिरव्याच राहतात. कार्डावर ‘काच काढून पुन्हा बसवली, कनेक्टर व हार्नेस (तारांचा जुडगा) बदलला’ असे लिहिलेले असेल तरच गाडी ताब्यात घ्या.